चिकोडीचं नसलेलं पोर

निपाणीत माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घरी सांगून यायचा, की डोळे तपासायला चाललोय. माझी खोली चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला होती, त्यामुळे हे कारण आयतं मिळालं होतं. बाजाराच्या दिवशी मी सकाळच्या बसनं बेळगावहून यायची आणि संध्याकाळी परत. मुद्दामच बाजाराचा दिवस धरला होता. हातात पिशवी असली की माणसाला कुणी विचारत नाही, कुठं चाललास म्हणून. माझ्या टेबलाच्या पायाशी मेथी, कोथिंबीर, वांगी असं काही ना काही ठेवलेलं असायचं आणि समोर माणूस रडत असायचा. एका आजोबांनी तर घरी संशय नको म्हणून खरोखर चष्मा करून घेतला. नंबर नव्हताच, साधी काच. त्यांची उदासी काही महिन्यांत गेली, चष्मा मात्र नाकावर कायमचा बसला.

मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही. बोलून उपचार करणारी बाई. बेळगावच्या शहापुरातल्या मागवाल्यांच्या घरातली. माझ्या वडिलांना माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "नुसतं ऐकायचं? आणि लोक येतात?" म्हणायचे. पण सुताचा गुंता ओढायचा नसतो, जिथं सैल लागेल तिथनं सोडवायचा असतो, हे मला कॉलेजच्या कितीतरी आधी त्यांनीच शिकवलं होतं. माझा सगळा धंदा त्यावर चालला.

लोकांना वाटतं आम्ही सल्ला देतो. सल्ला द्यायला माणसाला आत्या-मामा-मावश्या पुष्कळ असतात. आमचं काम म्हणजे गप्प बसणं, योग्य जागी प्रश्न विचारणं आणि ऐकलेलं पोटात ठेवणं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. आमच्या सीमाभागात तर लग्नाकार्यात निम्मी पंगत माझ्या ओळखीची निघते आणि मला प्रत्येकाकडे बघून पहिल्यांदाच भेटल्यासारखा नमस्कार करावा लागतो.

आता निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणाले, तेव्हा हीच हकीकत डोक्यात आली. ज्यांची आहे त्या दोघांना विचारूनच लिहितेय. नावं आणि काही खुणा बदलल्यात. कुणाची म्हणून शोधत बसू नका, चिकोडीला तर मुळीच जाऊ नका.

सुकुमार पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या पिशवीत एकच कोबी होता. तंबाखूच्या व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा, पस्तिशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा शर्ट. निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं जैन घर, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच ताटात. खुर्चीच्या कडेवर बसला आणि भाषण पाठ केल्यासारखा म्हणाला, "मॅडम, माझे बाहेर संबंध आहेत. त्यातून मला एक अपत्य आहे. ते घरच्यांपुढे कसे कबूल करावे, याचे मार्गदर्शन हवे आहे."

माझा कान तिथंच उभा राहिला. निपाणीत लोकांना पोर होतं, पोरगं होतं, लेकरू होतं. अपत्य कुणालाही होत नाही. इतक्या वर्षांत एक बघितलंय, आमच्याकडचा माणूस खोटं बोलायला लागला की शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलतो.

"नाव काय बाळाचं?" मी विचारलं.

"नाव... ठेवलं न्हाय अजून."

"केवढं आहे?"

"तीन वर्षांचं."

"तीन वर्षं झाली नि बारसं नाही?"

त्यानं पिशवीतल्या कोबीकडे बघितलं. आणि एकदम तोंड ओंजळीत धरून हुंदका देऊन म्हणाला, "इल्ला मॅडम. यारू इल्ला." कुणीच नाही. पोर नाही, बाई नाही. खरं बोलायची वेळ आली तशी त्याची घरची कन्नड बाहेर आली.

"मग कबूल कशाला करतोस, बाबा?"

"कारण खरं त्याच्यापेक्षा वाईट हाय," तो म्हणाला.

खरं काय ते त्या दिवशी त्यानं सांगितलं नाही. नुसतं प्रकरण कसं पेटलं ते सांगितलं. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींना त्याच्या खोलीतल्या माळ्यावर एक स्टीलचा डबा सापडला. डब्यात फुगे. मोठे, जाड रबराचे, पावडर लावून नीट घड्या घातलेले. लग्नाला चार वर्षं झालेला, पोरबाळ नसलेला दीर, आणि त्याच्या डब्यात फुगे. तेवढ्यात चुलतभावानं चिकोडीहून बातमी आणली. तिथला डेकोरेशनच्या सामानाचा दुकानदार म्हणाला होता, "तुमच्या सुकुमारअण्णांच्या बाळाचा वाढदिवस व्हता की, लई मोठं फुगं घेऊन गेले."

झालं! निपाणीत घेतले तर ओळखीचं कुणीतरी बघेल म्हणून हा चिकोडीला जायचा. दुकानदारानं सहज विचारलं, "बाळाचा वाढदिवस व्हय?" आणि यानं पुढचे प्रश्न टाळायला मान हलवली, "व्हय." दर खेपेला तोच प्रश्न, दर खेपेला तीच मान. त्या पोराचा वाढदिवस वर्षातनं चार-पाचदा यायचा, हे दुकानदाराच्या ध्यानात आलं नाही, घरच्यांच्या तर नाहीच. उलट घरच्यांना जुन्या गोष्टी जुळताना दिसायला लागल्या. पुतण्यांच्या वाढदिवसाला, फुगे फोडायची वेळ आली की सुकुमार उठून बाहेर जायचा. "सोताचं पोर आठवत असणार," असं आता सगळे म्हणायला लागले.

मी हसू दाबत होते. पण हसू पुढं टिकलं नाही. कारण घरात कुणी भांडलं नव्हतं. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपलं रक्त हाय. बाहेर वाढायला नको." आव्वानं, आईनं, हळूच विचारलं, "पोरगा हाय का पोरगी?" पुढच्या आठवड्यातल्या रविवारी वडीलधारी मंडळी बसणार होती. सुकुमारनं देवाची आण घेऊन खरं सांगायचं आणि मग त्या पोराला घरी आणायचं ठरवायचं. आणि त्याची बायको राजश्री? तिनं एकच सांगितलं होतं, पोर दारात आलं की मी माहेरला जाणार, परत येणार नाही. ती चिडली नव्हती, मुकी झाली होती. तिच्या पोटी चार वर्षांत काही नाही, आणि सासूच्या चेहऱ्यावर हा आनंद. तुम्हीच सांगा, कुणी सोसावं?

"आणि तू ते कबूल करणार?" मी म्हटलं. "बायको जाईल तुझी."

"खरं सांगितलं तरी जाईल. बाहेर बाई ठेवली म्हटल्यावर लोक चार दिवस बोलतात. ह्ये कळलं तर जलमभर हसतील."

मला राग आला त्याचा. पण तो म्हणत होता त्यात तथ्य होतं, म्हणून जास्त आला.

दोन दिवसांनी मी त्याला बेळगावला बोलावलं आणि तिथं त्यानं सांगितलं. थांबत थांबत, भिंतीकडे बघत. त्याला फुगे आवडतात. लहान मुलाला आवडतात तसे नव्हे. मोठ्या माणसाच्या शरीरसुखाशी ते जोडले गेलेत. रबराचा वास, ताणलेल्या कातडीसारखा स्पर्श, बोट फिरवलं की येणारा कुईकुई आवाज, आणि आता फुटेल का अशी छातीतली धडधड. फुटू मात्र द्यायचा नाही. फुटण्याचा आवाज त्याला सहन होत नाही, अंगाला घाम सुटतो. गाठ सोडून हळूहळू हवा काढायची, पुसायचं, पावडर लावून ठेवायचं.

हे सगळं बोलून तो शिक्षा ऐकायला बसल्यासारखा बसला. मी खोटं सांगत नाही, माझ्या कारकिर्दीत ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुस्तकात एखाद्या ओळीत वाचलेली, बस्स. म्हणून मी त्यालाच म्हटलं, "मला नीट समजावून सांग."

त्यानं मोबाइल काढला. त्यात एक अख्खं गाव होतं. जगभरातली मोठी माणसं, खोटी नावं घेऊन एकमेकांशी बोलणारी. बलूनवरनं स्वतःला 'लूनर' म्हणवतात. त्यांच्यात तट आहेत. एक फोडणारे, एक न फोडणारे, आणि दोघांचं एकमेकांत जमत नाही. आमच्या भागातल्या भाषेच्या वादासारखंच, मिटता मिटत नाही. कुठलं रबर चांगलं, फुगा उन्हात का ठेवू नये, बायकोला सांगावं की नाही, यावर पानंच्या पानं. आणि एक नियम सगळ्यांना मान्य, की लहान मुलांपासून हे लांब ठेवायचं. वाढदिवसातनं सुकुमार उठून जायचा त्यात आवाजाची भीती होती, तसा हा नियमही होता. घरचे नेमकं उलटं समजले.

"पैल्यांदा ह्ये गावलं तवा मॅडम, मी रडलो," तो म्हणाला. "मला वाटलं व्हतं, दुनियेत मी एकटाच हाय."

ते ऐकून मला खानापूरकडचा एक गृहस्थ आठवला. मोबाइल येण्याच्या फार आधी आला होता. "मला एक वस्तू आवडते," एवढंच म्हणाला. कुठली ते सांगता सांगेना. पुढच्या वेळी सांगतो म्हणून उठला आणि पुन्हा आलाच नाही. काय असेल ती वस्तू, कुणास ठाऊक. तो माणूस ते ओझं घेऊनच गेला असणार, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्रीत पंडित होता येत नाही, पण मी जमेल तितकं वाचलं, जुन्या सहकाऱ्यांना नाव न सांगता विचारलं. समजलं ते साध्या भाषेत सांगते. माणसाचं मन कधीकधी एखाद्या वस्तूला असं चिकटतं. का चिकटतं, कुणाला ठामपणे सांगता येत नाही. काहींना लहानपणी फुग्याच्या आवाजाची भीती असते आणि भीतीचं पुढं काहीतरी वेगळंच होतं, असं म्हणतात. पण तशी भीती हजारोंना असते, त्यांना हे होत नाही. आम्ही मुख्य प्रश्न तीनच बघतो. कुणाला इजा होते का? कुणावर जबरदस्ती होते का? स्वतःचा जीव यात होरपळतो का? पहिल्या दोनांना सुकुमारचं उत्तर 'नाही'. तिसऱ्याला 'हो', पण होरपळ फुग्यांची नव्हती, लाजेची होती. फुग्यांवर औषध द्यायचं कारणच नव्हतं. पुढच्या बाजारी तो आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं.

"म्हंजे मी येडा न्हाय?"

"येडा आहेस," मी म्हटलं. "नसलेल्या पोराचा बाप व्हायला निघालास, म्हणून."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

पण रविवार दारात येऊन ठेपला होता. मी राजश्रीला जाऊन सांगू शकत नव्हते, माझं तोंड बांधलेलं. सांगायचं तर त्यानंच. शनिवारी तिला घेऊन ये, एवढंच म्हटलं. आणायला कारणही मिळालं. आव्वाच म्हणाली होती, "शहापूरला जाऊन चांगली साडी घेऊन दे रं तिला." सुनेची समजूत काढायची साडी!

राजश्री आली ती साडीचा बॉक्स छातीशी धरून. सडपातळ, डोळ्यांखाली काळं. बसायच्या आधीच मला म्हणाली, "आक्का, तुमी समजूत काढणार असाल तर आदीच सांगते, त्या पोराला मी हात लावणार न्हाय. त्याचा काय दोष न्हाय, म्हाइत हाय मला. पण मला जमणार न्हाय."

"मी समजूत काढत नाही," मी म्हटलं. "यांना काही सांगायचंय."

सुकुमारनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेला. शेवटी त्यानं खिशातनं एक फुगा काढला, निळा, आणि फुगवायला लागला. अर्धाच फुगवला. गाठ मारली आणि दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

"ह्ये काय?" राजश्री म्हणाली.

"ह्येच हाय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं फुग्याकडे बघत, आमच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच्यापेक्षा थोडक्यात आणि जास्त धीटपणे.

राजश्री सावकाश म्हणाली, "म्हंजे चिकोडीत बाई न्हाय?"

"इल्ला."

"पोर?"

"इल्ला."

"एवढंच?"

आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, बॉक्स मांडीवरनं खाली पडेपर्यंत हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही डोळे पुसले. आमच्या धंद्यात पुसायचे नसतात, पण पुसले.

मग ती भडकली. भडकायलाच हवी होती. "जेवण गोड लागलं न्हाय मला इतके दिस! रोज त्या पोराचं तोंड डोळ्यांपुढं आणून बघत व्हते, नाक कुणाचं, डोळं कुणाचं. सोताला वांझ म्हणून घेतलं मी. आणि तुमी फुग्यापायी गप बसलासा?"

"भ्यालो," तो म्हणाला.

"मला भ्यालासा? मी काय खाणार व्हते तुमास्नी?"

राग ओसरल्यावर तिनं खरा प्रश्न विचारला, हळू आवाजात, "मग मी कशाला? फुगं हाईत की ह्येंना."

मी बोलणार होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं अभ्यासू उत्तर. पण सुकुमार आधी बोलला. "फुगं तू यायच्या आदीपासनं हाईत. तू माहेरला गेलीस तरी असतातच की. पण तू गेलीस की घर खायला उठतं, राजू. तवा डबा उघडावासा बी वाटत न्हाय."

माझं उत्तर मी गिळलं. त्याच्यापेक्षा बरं नव्हतं.

उठताना तिनं अटी घातल्या. मला कुठलं जमेल नि कुठलं जमणार नाही ते मी सांगणार. आजपासनं माझ्यापासनं काही लपवायचं नाही. आणि चिकोडीचं दुकान बंद. तिन्हीला तो व्हय म्हणाला. मग तिनं टेबलावरचा फुगा उचलला, आमच्याकडे पाठ करून गाठ सोडायचा प्रयत्न केला. जमेना. त्यानं सोडवून दिली.

रविवारी काय झालं ते मला पुढच्या बाजारी राजश्रीनंच सांगितलं, पिशवीत भेंडी घेऊन. मी ते चार दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. दर फोनला वाटायचं, गेली बहुतेक माहेरला.

सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, सगळे बसले होते. आप्पा, थोरले अण्णा म्हणजे सुकुमारचे भाऊ, मामा आणि भावकीतले दोघे. सुकुमारनं बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, देवाची आण घेतली आणि सांगितलं, बाहेर बाई नाही, पोर नाही. जैनाच्या घरात देवाची आण घेऊन कुणी खोटं बोलत नाही, असं सगळे धरून चालतात. पण मामा वकिलाच्या वरताण. "बरं, पोर न्हाय. मग फुगं कुणाला?"

सुकुमारचं तोंड पुन्हा बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं सगळे त्या मुठीकडेच बघत होते.

तेवढ्यात राजश्री स्वयंपाकघरातनं बाहेर आली, नवी साडी नेसून. उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ते फुगं आमच्या खोलीतलं हाईत. नवराबायकोचं. पुढचं बी सांगू काय?"

"नको नको नको!" आप्पा दोन्ही हात हलवत म्हणाले. "च्या आणा कुणीतरी! मामा, तुमी कशाला नसती चौकशी करताय वो?"

मामा पंख्याकडे बघत बसले. थोरल्या अण्णांनी यंदाच्या तंबाखूच्या भावाचा विषय काढला. त्या घरात पुन्हा कुणीही, कधीही, फुग्यांबद्दल प्रश्न विचारला नाही.

मी इतकी हसले की पुढचे चष्म्याचे दुकानदार डोकावून गेले. राजश्रीही हसली, पण मग म्हणाली, "आव्वाचं मातुर वाईट वाटतंय, आक्का. समदे उठून गेल्यावर मला म्हणाल्या, म्हंजे ते पोरगं न्हाईच व्हय? गुपचूप चांदीचं वाळं करून आणलं व्हतं त्यांनी. दोन दिस उशाखाली ठेवलं. मग मीच घेतलं नि माझ्या कपाटात ठेवलं. काय करायचं त्याचं, बघू."

चिकोडीच्या त्या नसलेल्या पोराचा लळा फक्त त्या म्हातारीला लागला होता.

ते दोघं वर्षभर येत राहिले, मग थांबले. आमच्या धंद्यात माणूस यायचं थांबलं की समजायचं बरं चाललंय. गेल्या वर्षी आप्पांच्या पंचाहत्तरीचं बोलावणं आलं. राजश्रीनं माझी ओळख 'डोळ्यांच्या बाई' म्हणून करून दिली आणि आप्पा जेवणाआधी अर्धा तास मला त्यांच्या मोतीबिंदूबद्दल विचारत होते. मी "पिकू दे अजून थोडा" म्हणाले. देवा, क्षमा कर.

हॉलमध्ये कमानी लावल्या होत्या. फुग्यांच्या, आणि काय! थोरल्या अण्णांनी डेकोरेशन सांगितलं होतं. माझा जीव अर्धा झाला. सुकुमार कमानीकडे पाठ करून, ताट हातात घेऊन उभा होता. बरा दिसत होता, जरा सुटला होता. ऊन सरकलं तशी कमान खिडकीतनं येणाऱ्या उन्हात आली आणि एक फुगा फाडकन फुटला.

सुकुमारचा चेहरा पांढरा पडला. ताटातली जिलेबी खाली गेली. मी उठणार तेवढ्यात त्याच्या शेजारी पुरी वाढणाऱ्या राजश्रीनं मान न वळवता डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

आव्वाला कमी ऐकू येतं. तिनं आतल्या खोलीतनं हाक मारली, "काय झालं गं? कसला आवाज?"

"काय न्हाय आव्वा," राजश्री सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "फुगा फुटला."

कुणी वळून बघितलं नाही. सगळे जेवत राहिले. थोड्या वेळानं सुकुमारनंही पुरीचा घास मोडला.